शाळेच्या पाण्याचा हिशेब: सातवी-आठवीच्या वर्गासाठी सहा आठवड्यांचा गटप्रकल्प

प्रकल्पाचा विषय निवडताना एक कसोटी पुरते: याचं उत्तर शिक्षकाला आधीपासून माहीत आहे का? माहीत असेल तर त्याला सरळ स्वाध्याय म्हणावं. 'सौरऊर्जेचे फायदे', 'प्रदूषणाचे प्रकार' यांची उत्तरं स्टेशनरीच्या दुकानात चित्रतक्त्यावर छापून मिळतात. मूल तक्ता कापतं, आई सुवाच्य अक्षरात मथळे लिहिते, वडील रात्री नऊ वाजता प्रिंट काढून देणारं दुकान शोधत फिरतात, आणि आकारिक (म्हणजे वर्षभर चालणाऱ्या) मूल्यमापनाच्या तक्त्यातला 'प्रकल्प' हा रकाना भरला जातो. हेच काम पाच जणांच्या गटाला दिलं तर एकाची आई राबते आणि चौघं मोकळे सुटतात.

म्हणून इथे एकच प्रश्न घेतला आहे आणि तो शेवटपर्यंत नेला आहे: आपल्या शाळेला रोज किती पाणी लागतं, ते कुठून येतं, आणि छपरावर पडणारा पाऊस धरून ठेवला तर तो किती महिने पुरेल? याचं उत्तर बहुतेक शाळांत मुख्याध्यापकांकडे नसतं, ग्रामपंचायतीच्या दप्तरात नसतं आणि इंटरनेटवर तर नसतंच. ते मोजूनच काढावं लागतं, आणि मोजायला एकटं मूल पुरत नाही. क्षेत्रफळ, घनफळ, सरासरी, टक्केवारी, आलेख हे सगळं सातवी-आठवीच्या गणितातलंच आहे, फक्त इथे ते कामाला लागतं.

ही पद्धत नवी नाही. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ विल्यम किलपॅट्रिक यांनी 'प्रकल्प पद्धती' हा निबंध १९१८ साली लिहिला. आपल्याकडे १९३७च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी हातच्या कामातून शिक्षणाची मांडणी केली, तीच नई तालीम. डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम काढून शाळकरी मुलांना गावाला लागणारी खरी कामं करत शिकता येतं हे दाखवलं. तेव्हा 'आपल्या मुलांना हे झेपेल का' हा प्रश्न बाजूला ठेवून थेट तयारीला लागू.

कधी सुरू करावं

जुलैच्या पहिल्या आठवड्यात. पाऊस मोजायचा तर तो पडत असायला हवा. विदर्भातल्या शाळा जूनअखेरीला उघडतात, त्यांनाही ही वेळ जमते. दुसरं कारण शेवटाचं आहे: सहा आठवडे मोजले की आपण १५ ऑगस्टला पोचतो, आणि त्या दिवशी ग्रामसभा असते. मुलांचे आकडे ऐकायला खरे श्रोते तिथे मिळतात. तिसरं कारण ऊसतोडीच्या पट्ट्यातल्या शिक्षकांना सांगायला नको. दसरा-दिवाळीनंतर वर्गातली कितीतरी मुलं आईबापांबरोबर कारखान्यांच्या वाटेला लागतात. दुसऱ्या सत्रात काढलेला प्रकल्प त्यांच्यावाचूनच होतो.

वेळापत्रकात आठवड्याला तीन तासिका लागतात. गणिताची एक, विज्ञान किंवा भूगोलाची एक आणि कार्यानुभवाची एक. शनिवारची सकाळची शाळा बाहेरच्या मोजमापांसाठी ठेवा. मुख्याध्यापकांची आणि शाळा व्यवस्थापन समितीची संमती आधीच घ्या. मुलं टेप घेऊन शाळेभोवती फिरू लागली की 'शाळेत शिकवतात तरी काय' असं विचारणारा एक पालक निघतोच.

सामान फार लागत नाही: ३० मीटरचा एक टेप, एक लिटरचं मापपात्र, लांब सरळ काठी, दोन लिटरच्या पाण्याच्या बाटल्या, बादल्या आणि प्रत्येक गटाला एक शंभर पानी वही.

गट कसे पाडावेत

गट पाच जणांचे असावेत. चारांतला एक गैरहजर राहिला की काम अडतं, आणि सहांत एक हमखास नुसता बघत उभा राहतो. मुलांनाच गट पाडायला सांगितलं तर बाकावरची मैत्री, वाडी-वस्ती आणि कधीकधी जात यांच्या रेषांवर गट पडतात. यादी शिक्षकाने करावी. हुशार मुलं वाटून देण्यापेक्षा शांत मुलं वाटून देण्याकडे लक्ष द्या. चार बोलक्यांत एक अबोल मूल टाकलं तर ते सहा आठवडे गप्पच राहील. दोन अबोल एकत्र असतील तर निदान आपसात बोलतात.

कामं पाच: मोजणं, नोंदवणं, तेच मोजमाप दुसऱ्यांदा घेऊन पडताळणं, सामान सांभाळणं आणि वर्गापुढे बोलणं. दर सोमवारी कामं फिरवा. ही फिरती टाळली तर आठवड्याभरात मुलगे टेप धरतात आणि मुली वहीत स्केचपेनने चौकटी काढत बसतात. हे जवळपास प्रत्येक वर्गात घडतं, आणि ते थांबवायला नुसता उपदेश पुरत नाही.

आता महत्त्वाची गोष्ट. सगळ्या गटांना एकच काम देऊ नका. अमेरिकेत ऑस्टिन शहरातल्या शाळांत १९७१ साली वेगवेगळ्या वंशांची मुलं पहिल्यांदाच एका वर्गात आली आणि तणाव वाढला, तेव्हा एलियट अ‍ॅरनसन या मानसशास्त्रज्ञाने धड्याचे तुकडे करून गटातल्या प्रत्येक मुलाला एकेक तुकडा दिला. दुसऱ्याचं ऐकल्याशिवाय धडा पुरा होत नसे. आपण तेच गटांच्या पातळीवर करायचं. चाळीस मुलांच्या वर्गात आठ गट होतात, ते असे: छप्पर, पाऊस, टाकी, पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह, पोषण आहाराचं स्वयंपाकघर, गळती आणि गावातली जुनी माणसं. छप्पर गटाचा आकडा नसेल तर पाऊस गटाचा आकडा कोरडाच राहतो. सातवी-आठवी मिळून अठरा-वीसच मुलं असतील तर चार गट करा: छप्पर-पाऊस, टाकी-गळती, पिणं-स्वयंपाक आणि स्वच्छतागृह. जुन्या माणसांना सगळ्यांनी मिळून भेटावं.

पहिला आठवडा: आधी अंदाज

काहीही मोजण्याआधी प्रत्येक मुलाने कागदावर तीन अंदाज लिहायचे: शाळा रोज किती लिटर पाणी वापरते, आपण स्वतः शाळेत किती वापरतो, आणि एका पावसाळ्यात छपरावर किती लिटर पाणी पडतं. कागद पाकिटात घालून पाकीट चिकटवा आणि कपाटात ठेवा. शिक्षकाने स्वतःचाही अंदाज त्यातच टाकावा. छपराबद्दलचे अंदाज पाचशे लिटरपासून दहा कोटींपर्यंत गेले तरी हसू नका. ते पाकीट पाचव्या आठवड्यात उघडायचं आहे.

याच आठवड्यात सुरक्षेचे नियम ठरवा आणि मुलांकडूनच लिहून घ्या. छपरावर किंवा टाकीवर कुणी चढणार नाही. टाकीत काठी घालायचं काम शिक्षक किंवा शिपाईमामा करतील, मुलं आकडा वाचतील. विहिरीजवळ मोठ्या माणसाशिवाय जायचं नाही आणि कठड्यावरून वाकायचं नाही.

दुसरा आणि तिसरा आठवडा: मोजमाप

छप्पर गट पहिल्याच दिवशी चुकतो, आणि त्याला चुकू द्यावं. उतरत्या पत्र्याची लांबी-रुंदी घेऊन मुलं क्षेत्रफळ काढतात. पण पाऊस वरून पडतो, त्याला छपराचा उतार दिसत नाही. त्याला दिसते ती छपराची जमिनीवरची सावली. म्हणून माप जमिनीवर घ्यायचं: पागोळ्या पडतात त्या रेषेपासून समोरच्या पागोळ्यांच्या रेषेपर्यंत. वर्गात एक वही आडवी आणि मग तिरपी धरून दाखवली की हा मुद्दा पाच मिनिटांत कळतो. एकच लांबी तीन मुलांनी मोजावी. तीन वेगळी उत्तरं येतात. सरासरी कशाला काढतात हे तिथे पहिल्यांदा समजतं.

पाऊस गटाने पर्जन्यमापक बनवायचा. सरळ भिंतीची प्लास्टिकची बाटली वरच्या भागात कापा, कापलेला भाग उलटा करून नरसाळ्यासारखा बसवा. तळ वाकडा असतो, म्हणून आत बारीक खडे टाका, सरळ भागापर्यंत पाणी भरा आणि तिथे शून्याची खूण करा. वरच्या दिशेने मिलिमीटरची पट्टी चिकटवा. झाडापासून आणि भिंतीपासून दूर, मोकळ्या जागी विटांमध्ये घट्ट बसवा. हवामान खात्यात नोंद सकाळी साडेआठला होते, आपणही तीच वेळ धरावी. सुट्टीच्या दिवशी कोण येणार ते गटाने ठरवायचं. नोंद झाली की पाणी पुन्हा शून्यावर आणायचं. तालुक्यातल्या आपल्या महसूल मंडळाची (काही गावं मिळून होणाऱ्या महसुली विभागाची) नोंद मिळवून आपल्या बाटलीशी ताडून पाहा. दोन्ही आकडे सारखे येणार नाहीत, कारण पाऊस शिवाराशिवारात वेगळा पडतो. बातम्यांतला 'अतिवृष्टी' हा शब्द मंडळात एका दिवसात ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की लागतो, हे मुलांना इथे सांगण्यासारखं आहे.

पाऊस लिटरमध्ये न मोजता मिलिमीटरमध्ये का मोजतात, हा प्रश्न मुलं विचारेपर्यंत थांबा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर. हे फळ्यावर मुलांनीच काढावं. पुढचा सगळा हिशेब या एका ओळीवर उभा आहे.

टाकी गटाचं काम कंटाळवाणं आहे आणि सगळ्यांत मोलाचं. पंप बंद असताना सकाळी आणि शाळा सुटताना टाकीत काठी घालून पातळी घ्यायची. गोल टाकीचा आतला व्यास एक मीटर असेल तर पातळी एक सेंटिमीटर उतरली म्हणजे ७.८५ लिटर गेले. हा गुणक मुलांनी एकदा काढला की रोजचं काम नुसत्या गुणाकाराचं उरतं.

पिण्याच्या पाण्याचा गट मधल्या सुट्टीत नळांसमोर बसून बाटल्या आणि ग्लास मोजतो. घरून भरून आणलेल्या बाटल्या वेगळ्या लिहायच्या, नाहीतर शाळेचा वापर कमी दिसतो. स्वच्छतागृहाचा गट ड्रममध्ये किती बादल्या पडल्या ते मोजतो. तिथे वेळ आणि जागा मुलामुलींच्या सोयीने ठरवा. स्वयंपाकघरात मावशी 'रोज दहा हंडे लागतात' असं सांगतात. हंडा किती लिटरचा, हे मापपात्राने मोजल्याशिवाय तो आकडा वहीत घ्यायचा नाही. मावशींचं काम थांबवायचं नाही, आणि शक्य तर मुलांनी त्या दिवशी दोन हंडे भरून द्यावेत.

गळती गट प्रत्येक गळक्या नळाखाली दहा मिनिटं वाटी ठेवतो आणि आलेलं पाणी १४४ने गुणतो, कारण दिवसात दहा मिनिटं १४४ वेळा येतात. सेकंदाला एक थेंब पडला तर दिवसाला चार लिटरांच्या आसपास जातात. 'थेंबे थेंबे तळे साचे' सगळ्यांना पाठ असतं, इथे त्या थेंबाला आकडा मिळतो.

जुन्या माणसांना भेटणाऱ्या गटाने पाच प्रश्न आधी लिहून न्यावेत. १९७२च्या दुष्काळात पाणी कुठून आणत होतात, रोजगार हमीची कोणती कामं आपल्या शिवारात झाली, पहिली बोअर कोणत्या साली मारली, असे. 'पूर्वी पाणी कसं होतं?' असं विचारलं तर आजोबा 'लई होतं' म्हणतात आणि मुलाखत तिथेच संपते.

चौथा आठवडा: आकडे जुळत नाहीत

एका शनिवारी सगळे आकडे फळ्यावर मांडा. समजा टाकी गटाचं म्हणणं आहे की आजच्या सकाळपासून उद्याच्या सकाळपर्यंत १,९०० लिटर गेले. पिणं, स्वयंपाक आणि स्वच्छतागृह यांची बेरीज १,४४० लिटर. गळती ६०. मग ४०० लिटर गेले कुठे?

सगळ्या प्रकल्पात मला हा तास सर्वांत मोलाचा वाटतो. मुलं लगेच एकमेकांवर येतात: तुमची काठी वाकडी, तुम्ही बाटल्या सोडल्या. शिक्षकाच्या ओठावर संभाव्य उत्तर असलं तरी ते सांगू नये. एकच प्रश्न विचारावा: ही घट दिवसा होते की रात्री? तेवढ्याने वाट सापडते. संध्याकाळची आणि दुसऱ्या सकाळची पातळी वेगवेगळी मांडा. घट दिवसाची असेल तर कुणाचा तरी वापर मोजायचा राहिला आहे: परसबागेला दिलेलं पाणी, जेवणानंतर धुतलेल्या ताटल्या, गुरुजींच्या गाड्या. रात्रीची असेल तर जमिनीखालची पाइप फुटली असेल, किंवा टाकीचा व्हॉल्व्ह नीट बसत नसेल, किंवा शाळा सुटल्यावर शेजारच्या वस्तीतलं कुणी पाणी भरत असेल.

शेवटची शक्यता नाजूक आहे. ती मुलांनी चव्हाट्यावर मांडायची गोष्ट नव्हे. त्या घरातलं मूल तुमच्याच वर्गात बसलेलं असतं. शिक्षकाने ती व्यवस्थापन समितीपुढे शांतपणे ठेवावी, आणि फळ्यावर 'शाळेबाहेरचा वापर' एवढंच लिहावं. त्या वस्तीला पाणी का मिळत नाही, हा प्रश्न ग्रामसभेत मांडता येतो.

तफावत पुरती मिटली नाही तरी चालेल. शंभर लिटरांचा फरक 'न सापडलेला' म्हणून अहवालात लिहावा. आकडे ओढूनताणून जुळवलेल्या गटापेक्षा फरक कबूल करणाऱ्या गटाला जास्त गुण द्या, आणि हे पहिल्या आठवड्यातच जाहीर करा.

पाचवा आठवडा: महिन्यांचा हिशेब

आता पाकीट उघडा, अंदाज वाचा, हसून घ्या. मग पुढचं उदाहरण आपल्या शाळेचे आकडे घालून करा.

शाळेत १८० मुलं. प्रत्येकी ८ लिटर म्हणजे रोज १,४४० लिटर. छपराची सावली २० बाय ७, म्हणजे १४० चौरस मीटर. वर्षाचा पाऊस ६०० मिलिमीटर. पडलेलं सगळं पाणी हाती येत नाही, काही उडतं, काही पन्हळीतून सांडतं. पत्र्यासाठी ०.८चा गुणक धरू. म्हणजे एका मिलिमीटरला ११२ लिटर आणि वर्षाला ६७,२०० लिटर. रोजच्या वापराने भागलं तर ४६ दिवस पुरेल. इथे बहुतेक वर्ग थांबतात आणि '६७ हजार लिटरची टाकी बांधा' असा ठराव करतात.

थांबू नका. महिना मांडा. समजा जूनमध्ये ११०, जुलैमध्ये १३०, ऑगस्टमध्ये १३०, सप्टेंबरमध्ये १५० आणि ऑक्टोबरमध्ये ८० मिलिमीटर पडला. सप्टेंबरची आवक १६,८०० लिटर, ती सगळ्यांत मोठी. महिन्याचे २४ शाळेचे दिवस धरले तर गरज ३४,५६० लिटर. म्हणजे छपराचं पाणी सगळ्या वापराला घेतलं तर भर पावसाळ्यातही एक लिटर शिल्लक पडत नाही. मग एवढी मोठी टाकी भरणार कधी? अशा वापराला एका जोरदार सरीचं पाणी मावेल एवढी टाकी पुष्कळ झाली. ६५ मिलिमीटरची सर म्हणजे ७,२८० लिटर.

आता हेच पाणी फक्त पिण्यासाठी राखलं तर? माणशी दीड लिटर, रोज २७०, महिन्याला ६,४८०. जूनमध्ये ५,८४० लिटर उरतात, जुलै-ऑगस्टमध्ये प्रत्येकी ८,०८०, सप्टेंबरमध्ये १०,३२०, ऑक्टोबरमध्ये २,४८०. बेरीज ३४,८००. हे पाणी नोव्हेंबरपासून मार्च ओलांडून एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत जातं, आणि टाकी ३५ हजार लिटरची लागते. पाऊस तोच आणि छप्परही तेच, पण पाणी कशाला वापरायचं हे ठरवल्याशिवाय टाकीचा आकार ठरत नाही. गावाचं पाणी मोजून पिकं ठरवण्याची हिवरे बाजार या गावाची रीत सांगायची तर ती इथेच, या तक्त्यानंतर सांगावी. आधी सांगितली तर ती केवळ बातमी राहते.

एक सूचना विसरू नका. छपराचं पाणी तसंच प्यायचं नसतं. पहिल्या सरींचं पाणी धूळ आणि पाखरांची विष्ठा घेऊन येतं, ते बाहेर सोडावं लागतं. पुढचं गाळून, निर्जंतुक करून आणि तपासून घ्यावं लागतं. ग्रामपंचायतीकडे पाणी तपासणीचं किट असतं, ते मागून घेऊन विज्ञानाची एक तासिका करता येते.

सहावा आठवडा: ग्रामसभा

सरपंच आणि ग्रामसेवकांना आठवडाभर आधी भेटून दहा मिनिटं मागून घ्या. भाषण नको. तीन मोठे कागद पुरतात: पाणी कुठे जातं, महिन्यांचा तक्ता आणि मागणी. मागणी एकच असावी आणि खर्चाचा अंदाज जोडलेली असावी. 'दोन व्हॉल्व्ह बदला' ही मागणी मंजूर होते. 'पाणी वाचवा, झाडे लावा' याला टाळ्या मिळतात. पैसा कुठून, असं कुणी विचारलं तर मुलांना उत्तर ठाऊक असावं: १५व्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींच्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेच्या कामांना बांधून दिला होता, आणि त्यात पावसाचं पाणी साठवण्याची कामंही बसत होती. यंदाच्या निधीची स्थिती ग्रामसेवकांकडून आधीच विचारून ठेवा.

बोलणारं मूल दुसऱ्या गटाच्या आकड्यांबद्दल बोलेल असं ठरवा. मग सगळ्यांना सगळं समजून घ्यावंच लागतं.

गुण

सातवी-आठवीला आकारिक मूल्यमापनात प्रकल्प हे एक साधन आहेच, वेगळा रकाना लागत नाही. निम्मे गुण गटाला द्या: नोंदी रोजच्या आहेत का, माप दोनदा घेतलं का, फरक प्रामाणिकपणे लिहिला का. निम्मे गुण एकेकट्याला, तोंडी. त्यासाठी दोन मिनिटं आणि एक प्रश्न पुरतो: 'छप्पर कमी मोजलं असतं तर टाकीचा आकार कसा बदलला असता?' सजावटीला गुण ठेवू नका, म्हणजे थर्माकोल आपोआप गायब होतो.

मुलांनी एकमेकांना गुण देण्याची पद्धत या वयात मला पटत नाही. त्यात कामापेक्षा भांडणं जास्त मोजली जातात. त्याऐवजी प्रत्येकाने 'माझ्या गटात माझ्याशिवाय कुणाचं काम अडलं असतं आणि का' एवढ्या दोन ओळी लिहाव्यात. त्या फक्त शिक्षकाने वाचाव्यात.

शहरातल्या शाळांसाठी

महापालिकेच्या शाळेत पाण्याचा मीटर असेल तर टाकी गटाचं काम सोपं होतं: सकाळ-संध्याकाळचं वाचन घ्या. ग्रामसभेऐवजी शाळा व्यवस्थापन समिती किंवा नगरसेवक. इमारत चार मजली असेल तर छप्पर लहान आणि मुलं फार, म्हणजे छपराचं पाणी जेमतेम काही दिवसांचं निघेल. ते उत्तरही खरंच आहे, आणि तिथे प्रकल्पाचा भर गळतीवर आणि टँकरच्या बिलावर जायला हवा.

१५ ऑगस्टनंतर पर्जन्यमापक काढू नका. परतीचा पाऊस संपेपर्यंत ऑक्टोबरातही नोंद चालू ठेवा, म्हणजे महिन्यांच्या तक्त्यात 'समजा' म्हणून धरलेले आकडे खऱ्या आकड्यांनी बदलता येतील. सगळ्या वह्या एका फाइलमध्ये लावून, वर छपराचं क्षेत्रफळ आणि टाकीचा गुणक ठळक लिहून, पुढच्या वर्षीच्या सातवीला द्या. त्यांनी पहिल्या आठवड्यात छप्पर पुन्हा मोजावं.